प्रागमधील पर्यटनस्थळे

प्राग (चेक उच्चार: प्राहा) हे चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीचे व सर्वांत मोठे शहर व्ल्ताव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. शहराच्या ऐतिहासिक मध्यवर्ती भागाचा समावेश १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात मध्य युरोपातील अनेक शहरे बेचिराख झाली. त्या मानाने प्रागची हानी मर्यादित राहिली. त्यामुळे रोमनेस्क, गॉथिक, बरोक व आर्ट नूव्हो अशा निरनिराळ्या शैलींतील वास्तू येथे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात.

प्राग किल्ला

प्राग किल्ला ही एकच इमारत नसून राजवाडे, चर्च, उद्याने व गल्ल्या यांचा सुमारे ७०,००० चौरस मीटर क्षेत्रफळाचा समूह आहे. त्याची उभारणी प्शेमिस्ल घराण्यातील बोर्झिवोय याने इ. स. ८८० च्या सुमारास सुरू केली, असे मानले जाते. बोहेमियाच्या राजांचे हे निवासस्थान १९१८ पासून राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत कार्यस्थान आहे. १६१८ मध्ये संतप्त प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या प्रतिनिधींना येथील एका खिडकीतून खाली फेकले. ही घटना तीस वर्षांच्या युद्धाची नांदी ठरली.

किल्ल्याच्या आवारातील संत व्हिटस कॅथेड्रलचे बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये, म्हणजे जवळजवळ सहा शतकांनी पूर्ण झाले. आरासचा मॅथ्यू आणि त्याच्यानंतर पेटर पार्लर हे त्याचे आरंभीचे वास्तुशिल्पी होत. संत वेन्सेस्लास याची समाधी येथेच आहे. बोहेमियाचा राजमुकुट व अन्य राजचिन्हे सात कुलुपांच्या दालनात ठेवलेली असून त्यांच्या किल्ल्या सात वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. जवळच असलेल्या ‘सोनेरी गल्ली’तील २२ क्रमांकाच्या छोट्याशा घरात लेखक फ्रान्झ काफ्का याने १९१६-१७ मध्ये काही काळ लेखन केले.

चार्ल्स पूल

नदीवरील जुना ज्युडिथ पूल १३४२ च्या महापुरात वाहून गेल्यावर सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ मध्ये नव्या पुलाचे काम सुरू केले. पंधराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेला हा पूल ५१६ मीटर लांब व सुमारे १० मीटर रुंद असून तो सोळा कमानींवर उभा आहे. १८७० पर्यंत तो केवळ ‘दगडी पूल’ म्हणून ओळखला जाई. त्याच्या कठड्यांवर तीस मूर्ती व मूर्तिसमूह आहेत. त्यांतील बहुतेक आता प्रतिकृती आहेत. हवा व पाण्यामुळे होणारी झीज टाळण्यासाठी अनेक मूळ मूर्ती संग्रहालयात हलविण्यात आल्या आहेत. १३९३ मध्ये ज्यांना नदीत टाकून ठार मारण्यात आले, त्या संत योहान नेपोमुक यांची १६८३ मधील मूर्ती येथील सर्वांत जुनी होय. १८९० च्या पुरात पुलाच्या काही कमानी कोसळल्या होत्या. त्या पुन्हा बांधण्यात आल्या. आता हा पूल केवळ पादचाऱ्यांसाठी खुला आहे.

जुना नगरचौक

जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर १४१० मध्ये बसविलेले खगोलीय घड्याळ हे या चौकाचे मुख्य आकर्षण आहे. ते वेळेबरोबरच सूर्य व चंद्राची राशींमधील स्थिती दाखविते. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला प्रेषितांच्या मूर्ती त्याच्या खिडक्यांतून फिरताना दिसतात. घड्याळ बनविणाऱ्या हानुश नावाच्या कारागिराने पुन्हा असे घड्याळ बनवू नये म्हणून त्याचे डोळे काढण्यात आले, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात हे घड्याळ कादान येथील मिकुलाश या कारागिराने घडविले होते. मे १९४५ मधील उठावात नगरभवनाला आग लागून घड्याळाची मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर ते १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले.

नगरभवनासमोरील फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस कोरलेले आहेत. २१ जून १६२१ रोजी हॅब्सबर्ग सत्तेविरुद्धच्या बंडाच्या सत्तावीस नेत्यांना येथे देहदंड देण्यात आला, त्याचे ते स्मारक होय. चौकात धर्मसुधारक यान हुस यांचे १९१५ मध्ये उभारलेले स्मारक आहे. लगतच्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहे यांचे थडगे आहे.

योसेफोव्ह

योसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती होय. सुमारे १२७० मध्ये बांधलेले ‘जुने-नवे’ सिनेगॉग हे आजही उपासना चालू असलेले युरोपातील सर्वांत जुने सिनेगॉग मानले जाते. जुन्या ज्यू दफनभूमीत १७८७ पर्यंत दफनविधी होत असत. जागेच्या टंचाईमुळे थरांवर थर रचून दफन करावे लागल्याने सुमारे बारा हजार स्मृतिशिला एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दिसतात.

शेजारचे पिंकास सिनेगॉग हे नाझी वंशसंहारात बळी पडलेल्या बोहेमिया व मोराव्हियातील ज्यूंचे स्मारक आहे. त्याच्या भिंतींवर जवळजवळ ८०,००० नावे हाताने लिहिलेली आहेत. ती १९५० च्या दशकात प्रथम लिहिली गेली. १९६८ मध्ये भिंतींत मुरलेल्या ओलीमुळे इमारत बंद झाली, कम्युनिस्ट राजवटीत दुरुस्ती रेंगाळली आणि नावे नष्ट झाली. १९८९ च्या सत्तांतरानंतर, १९९२ ते १९९६ या काळात, ती सर्व नावे पुन्हा लिहिण्यात आली. २००२ च्या महापुरात त्यांतील काही नावांची पुन्हा हानी झाली व ती पुन्हा पूर्ववत करण्यात आली. वरच्या मजल्यावर तेरेझीन येथील बंदिवासात मुलांनी काढलेली चित्रे मांडलेली आहेत. त्यांतील बहुतेक मुले छळछावण्यांतून परतली नाहीत.

वेन्सेस्लास चौक

१३४८ मध्ये घोडेबाजार म्हणून आखलेला हा लांबट चौक चेक राजकीय जीवनाचा साक्षीदार आहे. सोव्हिएत आक्रमणानंतर पसरलेल्या हताशेच्या निषेधार्थ यान पालाख या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ रोजी येथे आत्मदहन केले. नोव्हेंबर १९८९ मध्ये ‘मखमली क्रांती’च्या वेळी लाखो नागरिक याच चौकात जमले होते.

अन्य स्थळे

पेत्रशीन टेकडीवरील १८९१ चा मनोरा आयफेल टॉवरवरून स्फुरलेला आहे. इस्टेट्स नाट्यगृहात १७८७ मध्ये मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. व्हिशेह्राद येथील दफनभूमीत स्मेताना व द्वोर्झाक या संगीतकारांच्या समाध्या आहेत. नदीकाठची ‘नाचणारी इमारत’ ही १९९६ मध्ये पूर्ण झालेली वास्तू आधुनिक स्थापत्याचा नमुना आहे. शहरात ट्राम व मेट्रोचे जाळे असले, तरी जुन्या भागातील बहुतेक स्थळे पायी पाहता येतात.