कोठडीतील आप्ताचे हक्क : कागद आणि तारखा

घरातील एखाद्या व्यक्तीस अटक झाल्याचे कळताच कुटुंबीयांची पहिली धावपळ होते ती ओळखीचा माणूस शोधण्यासाठी. कोणी नगरसेवकास दूरध्वनी करतो, कोणी ‘वरून सांगणारा’ गाठतो. या गडबडीत पहिले चोवीस तास निघून जातात आणि कायद्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे असतात. राज्यघटनेने व फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने अटकेतील व्यक्तीस पुष्कळ हक्क दिले आहेत. मात्र त्यांतील बरेचसे मागितल्याविना पदरात पडत नाहीत आणि कोठडीत बसलेल्या माणसास ते मागणे क्वचितच साधते. ते काम बाहेरच्यांनाच करावे लागते.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. हक्क बव्हंशी तेच राहिले, कलमांचे क्रमांक मात्र बदलले. जुन्या माहितीपुस्तिकेतील क्रमांक अर्जात उतरवू नयेत.

अटक झाल्यावर ती का झाली आणि व्यक्तीस कोठे ठेवले आहे, हे नातेवाईकास अथवा मित्रास कळविणे पोलिसांवर कलम ४८ अन्वये बंधनकारक आहे. अटकेच्या वेळी तयार होणाऱ्या कागदावर घरच्या व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्षीदार म्हणून सही व त्यावर अटकेची तारीख व वेळ असावी लागते. सही करण्यापूर्वी ती वेळ नीट पाहावी. पहाटे चारला नेलेल्या माणसाची अटक कागदोपत्री दुपारी दाखविली गेली, तर चोवीस तासांचे गणितच फिरते. अटकेची कारणे लेखी स्वरूपात आणि आरोपीस समजणाऱ्या भाषेत देण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने आधी आर्थिक गैरव्यवहार व दहशतवादविरोधी कायद्यांपुरते घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ते सर्व गुन्ह्यांना लागू झाले. तातडीच्या प्रसंगी कारणे आधी तोंडी सांगता येतात. परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्यापूर्वी किमान दोन तास ती लेखी हाती पडली पाहिजेत. ती दिली नसतील, तर वकिलाने हा मुद्दा पहिल्याच रिमांडच्या वेळी उपस्थित करावा.

प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे, हा घटनेच्या अनुच्छेद २२ चा आदेश आहे. त्या वेळी घरच्या एकाने तरी न्यायालयात असावे. मारहाण झाली असल्यास ती आरोपीने स्वतः सांगावी आणि तिची नोंद रोजनाम्यात व्हावी, एवढा आग्रह वकिलाकडे धरावा. अंगावरचे वळ आठवड्यात मावळतात, रोजनाम्यातील ओळ राहते.

पोलीस ठाण्यात बसवून ठेवले आहे; पण अटकच दाखविलेली नाही, असेही घडते. अशा वेळी पूर्वी लोक पोलीस आयुक्तांना व न्यायालयाला तार करीत, कारण तारेवर वेळ छापलेली असे. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. तिचे काम आता ई-मेल करतो. तो पोलीस आयुक्त अथवा अधीक्षक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग यांना एकाच वेळी धाडावा. त्यानेही भागले नाही, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांची. मात्र नव्या संहितेनुसार हे दिवस सलगच घेतले पाहिजेत असे नाही. गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे न्यायालयीन कोठडी मिळाली म्हणजे पोलीस चौकशी संपली, असे आता समजता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट आरोपपत्राच्या मुदतीची आहे. दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात ९० दिवस आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवस, एवढ्यात तपास पुरा करून आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीस जामीन मागण्याचा निरपवाद हक्क मिळतो. मोक्का किंवा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. गणना अटकेच्या दिवसापासून नव्हे, तर पहिल्या रिमांडच्या दिवसापासून होते आणि तो दिवसही धरला जातो, हे २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले. उदाहरणार्थ, १ जूनला अटक होऊन २ जूनला न्यायालयात हजर केले असेल, तर साठावा दिवस ३१ जुलै. तोवर आरोपपत्र नसेल, तर १ ऑगस्टला न्यायालय उघडताच अर्ज दाखल व्हायला हवा. अर्ज केल्यानंतर आरोपपत्र आले, तरी हक्क बुडत नाही. अर्ज करण्याआधी ते आले, तर मात्र तो संपतो. टाळेबंदीमुळेही ही मुदत आपोआप वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितले होते. वकिलाकडे शंभर प्रकरणे असतात, म्हणून ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर असावी.

वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज सर्वत्र आहे आणि तो सरसकट खरा नाही. न्यायालयाच्या फाटकाशी ‘जामीन करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यापेक्षा तो निश्चितच बरा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर मात्र कोणाच्याही सांगण्यावरून सही करू नये.

जामीन मंजूर झाला तरी माणूस घरी येईलच असे नसते. ऐपतीचा दाखला असलेला स्थानिक जामीनदार आणायचा कोठून, हा प्रश्न परगावाहून पोटासाठी आलेल्यांना छळतो. हजार-पाच हजारांच्या जामिनासाठी महिनोन्‌महिने आत राहणारे त्यातलेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यासंबंधी निर्देश दिले. आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत बंदिवानास ई-मेलने मिळावी. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणास कळवावे. महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करता येईल. असा विचार व्हावा म्हणून कुटुंबाने अर्ज करणे श्रेयस्कर. प्रारंभी रोख जामिनावर सुटका करून जामीनदारासाठी काही आठवड्यांची सवड मागण्याचा प्रघात महाराष्ट्रात रुळलेला आहे.

कलम ४७९ विसरू नये. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढल्यास ते सुटकेस पात्र ठरतात. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असल्यासही अडचण येते. जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही हा लाभ मिळतो. अर्ज करणे हे अधीक्षकांचे कर्तव्य आहे. तरीही आर्थर रोड, तळोजा किंवा येरवड्यासारख्या दाटीच्या तुरुंगात एका माणसाचे दिवस कोणी मोजत बसेल, या भरवशावर राहू नये.

भेटीसाठी ई-मुलाकात संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी होते आणि दृक्‌श्राव्य भेटही मिळू शकते. खटल्याची पुढील तारीख सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्‌सवर पाहावी. नियमित औषधे चालू असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत अधीक्षकांना देऊन पोच घ्यावी आणि औषधे नाकारली गेल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा.

शिक्षा झाल्यावर निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळते. तुरुंगातून अपील करू इच्छिणाऱ्यास मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे, हे एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ठरविले आहे. फाशीखेरीज अन्य शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची, तर सत्र न्यायालयात ३० दिवसांची. अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठविता येते.