विरोधी पक्ष : राजद्रोहापासून राजमान्यतेपर्यंत

लोकशाहींत राजकीय पक्षांचें कार्य कोणतें असा प्रश्न निघाला म्हणजे निवडणुका लढविणें, बहुमत मिळविणें व राज्यकारभार चालविणें, असें उत्तर बहुधा येतें. तें खोटें नव्हे. परंतु अपुरें आहे. राज्य करणारे राजेशाहींतहि असतात. लोकशाहीची खरी कसोटी निराळीच आहे : जो हरला त्याचें पुढें काय होतें? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर सांपडावयास इंग्लंडला अडीचशें वर्षें लागलीं.

इ. स. १६७९ ते १६८१ या काळांत, दुसऱ्या चार्लसच्या पश्चात् त्याचा कॅथॉलिक भाऊ जेम्स यास गादी मिळूं द्यावी कीं नाहीं, यावरून पार्लमेंटांत दोन तट पडले. जेम्सला विरोध करणारे ते व्हिग आणि त्याची बाजू घेणारे ते टोरी. हीं दोन्ही नांवें मूळच्या शिव्याच होत. पहिलें स्कॉटलंडांतील बंडखोरांचें, दुसरें आयर्लंडांतील लुटारूंचें. नांवांप्रमाणेंच व्यवहारहि वैराचा होता. व्हिगांचा पुढारी शॅफ्ट्सबरी यास १६८१ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून टॉवरच्या किल्ल्यांत कोंडण्यांत आलें. सुटका झाल्यावर तो हॉलंडांत पळून गेला व १६८३ च्या प्रारंभीं तेथेंच वारला. त्याच वर्षीं लॉर्ड रसेल आणि अल्जर्नन सिडने यांचा शिरच्छेद झाला. पुढें फासे उलटे पडले. १७१४ सालीं राजघराणें बदलून व्हिग वरचढ झाले, तों दुसऱ्याच वर्षीं टोरी पुढारी बोलिंगब्रोक फ्रान्सला पळाला आणि त्याचा एके काळचा सहकारी ऑक्सफर्ड टॉवरमध्यें जाऊन पडला. राजाच्या मंत्र्याला विरोध म्हणजे राजालाच विरोध, अशी त्या काळची समजूत होती. अशा स्थितींत हातची सत्ता सोडणें म्हणजे आपली मानच पुढें करणें होय. मग ती खुशीनें कोण सोडणार?

हें चक्र पुढें मंदावलें. सुमारें वीस वर्षें कारभार हांकणारा वॉलपोल १७४२ सालीं सभागृहांतील बहुमत गमावून बसला, तेव्हां त्यानें राजीनामा दिला. त्याच्या चौकशीसाठीं समिति नेमली गेली खरी, पण तिच्या हातीं कांहीं लागलें नाहीं, आणि वॉलपोल सरदारकी उपभोगीत स्वस्थ राहिला. सत्ता गेली तरी शिर धडावर राहूं शकतें, हें लोकांना दिसलें. १७७० सालीं एडमंड बर्क यानें या अनुभवाला तत्त्वाचें बळ दिलें. एखाद्या समान तत्त्वावर विश्वास ठेवून राष्ट्रहितासाठीं एकत्र झालेला समुदाय म्हणजे पक्ष, केवळ अधिकारपदांसाठीं जमलेली टोळी नव्हे, असें त्यानें प्रतिपादिलें. बर्कचें बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवरच गेलें, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

१८२६ सालीं जॉन कॅम हॉबहाउस यानें कॉमन्स सभेंत 'राजेसाहेबांचा विरोधी पक्ष' असा शब्दप्रयोग केला, तेव्हां सभागृहांत हशा पिकला. परंतु थट्टेंतला तो शब्द हळूहळू रूढ झाला आणि १९३७ सालीं कायद्यानें विरोधी पक्षनेत्यास सालिना २,००० पौंड वेतन मिळूं लागलें. सरकारनें आपल्याच टीकाकाराला खजिन्यांतून पगार द्यावा, हें शॅफ्ट्सबरीच्या काळीं कोणास सांगूनहि खरें वाटलें नसतें! १९४५ च्या जुलै महिन्यांत पॉट्सडॅम येथें परिषद भरली, तेव्हां पंतप्रधान चर्चिल याच्या सोबत विरोधी नेता ॲटली हाहि उपस्थित होता. मतदान झालें होतें, मोजणी व्हावयाची होती. ती होतांच चर्चिल परत आला नाहीं. ॲटली पंतप्रधान म्हणून परतला. खुर्चीवरील मनुष्य बदलला, राष्ट्राची वाटाघाट चालूच राहिली.

हिंदुस्थाननें पार्लमेंटरी पद्धति स्वीकारली. परंतु १९५० च्या राज्यघटनेंत राजकीय पक्षांचा उल्लेख नव्हता. तो १९८५ सालीं पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनें आला. तत्पूर्वींच खरी परीक्षा होऊन गेली होती. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई आदि विरोधी पुढारी तुरुंगांत गेले. मार्च १९७७ च्या निवडणुकींत सत्ताधारी पक्ष हरला. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलींत पराभूत झाल्या आणि त्यांनीं पद सोडलें. मोरारजी पंतप्रधान झाले, आणि लोकसभेंत विरोधी पक्षनेत्याच्या जागीं यशवंतराव चव्हाण बसले. त्याच वर्षीं दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेत्यांना वेतन देणारा कायदाहि झाला. तथापि जुनी संवय सहज सुटत नाहीं. ऑक्टोबरांत नव्या सरकारनें इंदिरा गांधींना अटक केली. न्यायाधीशानें दुसऱ्याच दिवशीं त्यांना सोडलें. १९८० सालीं त्या निवडून येऊन पुन्हां पंतप्रधान झाल्या.

पक्षाचें मोठें कार्य तें हेंच. तो पराभूताला उद्यांची आशा देतो, म्हणून पराभूत शस्त्र हातीं घेत नाहीं. आणि विजेत्याला उद्यांचें भय दाखवितो, म्हणून विजेता मर्यादा ओलांडीत नाहीं. ज्या दिवशीं प्रतिपक्ष हा देशाचा वैरी ठरूं लागतो, त्या दिवशीं निवडणुका होत राहिल्या तरी टॉवरचा दरवाजा पुन्हां किलकिला झाला, असेंच समजावें.