एका अनाथालयाची दप्तरे

इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया, तह आणि सिंहासने उभी राहतात. परंतु इतिहासाची साधने बहुधा साध्या घरांतल्या पेटाऱ्यांत पडून असतात, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून आपल्याला शिकविले. एका घरातला एकच कागद मुका असतो. दहा घरांतले कागद शेजारी ठेवले की ते बोलू लागतात. आजची हकिकत अशाच कागदांची आहे. मात्र ते पुण्या-साताऱ्याचे नव्हेत, चीनमधल्या अनाथालयांचे आहेत.

१९८० साली चीनने 'एका जोडप्यास एकच मूल' हे धोरण देशभर लागू केले. वंशाला मुलगाच हवा ही समजूत मात्र गेली नाही. ती आपल्याला काही अपरिचित नाही! परिणामी बाजाराच्या कडेला, पुलापाशी, अनाथालयाच्या दाराशी तान्ह्या मुली सापडू लागल्या. १९९२ च्या एप्रिलात दत्तकाचा कायदा अमलात आला आणि परदेशी कुटुंबांना वाट मोकळी झाली. पुढील तीस वर्षांत दीड लाखाहून अधिक मुले परदेशी गेली. त्यांतली ८२ हजारांवर एकट्या अमेरिकेत गेली.

ही कुटुंबे तुकडीने येत. मूल पदरात पडले की अमेरिकन मंडळी व्हिसासाठी ग्वांगझूला, म्हणजे जुन्या कँटनला, जात. तेथील व्हाइट स्वान हॉटेलातल्या लाल कोचावर साऱ्या मुलींना ओळीने बसवून छायाचित्र काढण्याची प्रथाच पडली होती. मग जो तो आपल्या गावी निघून जाई. बरोबर मुलीचा पूर्वेतिहास म्हणून एक-दोन कागद असत: कोठे सापडली, कोणत्या दिवशी, नाव काय. ते नावही अनाथालयाने ठेवलेले. कित्येक ठिकाणी तर साऱ्या मुलींना एकच आडनाव असे.

परंतु लाल कोचावरची ओळख तुटली नाही. तुकडीतली कुटुंबे वर्षाकाठी एकत्र जमू लागली. पुढे त्याच अनाथालयातून इतर वर्षी मुली आणलेल्यांनाही शोधू लागली. आपल्याकडे एका गावच्या सासुरवाशिणी परक्या मुलखात भेटल्या की माहेर आठवते. या मुलींना अनाथालयाखेरीज दुसरे माहेर कोठले? कोणापाशी दाईचे छायाचित्र निघे, कोणापाशी मुलगी सापडल्याची वर्तमानपत्रातली जाहिरात. हुनानमधून एक मुलगी नॉर्वेला आणि एक अमेरिकेला गेली होती. दोघींच्या घरच्यांना साम्य जाणवले, तपासणी झाली, आणि त्या जुळ्या बहिणी ठरल्या.

कागद एकत्र आले म्हणजे गोडच बोलतात असे नाही. २००५ साली हुनानच्या हेंगयांग भागात निराळेच उघडकीस आले. दलालांनी ग्वांगडोंगमधून आणलेली मुले काही अनाथालयांनी पैसे मोजून घेतली होती आणि बेवारस म्हणून नोंदविली होती. परदेशी कुटुंब प्रत्येक मुलामागे सुमारे तीन हजार डॉलर देणगी देई. मोहाचे मूळ तेथे होते. २००६ मध्ये आरोपींना शिक्षा झाल्या. पण घराघरांत प्रश्न उरला: आपल्या लेकीच्या कागदावरचे ठिकाण खरे की रचलेले? एका कागदावरून हे कळत नाही. एकाच दरवाजाशी, एकाच माणसाला अनेक मुली सापडल्याची नोंद दिसली, की मात्र शंकेला जागा होते.

ही शंका कोणाला नकोशी वाटली तर नवल नाही. ज्या मायेने मूल वाढविले, तिच्या मुळाशी दुसऱ्या आईचे अश्रू असतील, हे ऐकणे सोपे नव्हे. तरीही ज्यांनी कागद शेजाऱ्यासमोर उघडले, त्यांनीच मुलींचे खरे हित साधले असे मला वाटते.

२०१६ च्या आरंभी ते धोरण संपले. २०२४ साली चीनने नातलगांचा अपवाद ठेवून परदेशी दत्तकही बंद केले. त्या लाल कोचावरच्या कितीतरी मुली आज जाणत्या झाल्या आहेत आणि कागदांची मागणी स्वतः करीत आहेत. ते कागद त्यांचेच आहेत. आईबापांचे काम एवढेच, की ते हरवू द्यायचे नाहीत आणि लपवायचेही नाहीत.