डाव्या कुशीवर वळा

१९८० चं दशक सरत आलंय. एमबीबीएसची शाई अजून वाळलेली नाही आणि तुम्ही अमरावतीच्या स्टँडवर धारणीची एसटी धरता. परतवाडा मागे पडतं, मेळघाटातला घाट सुरू होतो. सेमाडोह जातं, हरिसालला तुम्ही उतरता. पुढचा रस्ता पायी.

दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या. वीज नाही, एक्स-रे नाही, ईसीजी नाही. गळ्यात स्टेथोस्कोप आहे, तेवढ्यावर निदान करायचं.

बाकावर विशीतली कोरकू बाई बसलीय, शेजारी सासू. अकोटकडचा कंपाउंडर तिचं बोलणं तुम्हाला सांगतो, "साहेब, पान्याचा गुंड घेऊन चढली का इले दम लागते म्हनते. रातीबी उठून बसते."

तुम्ही तिची पापणी खाली ओढता. आत पांढुरकी. रक्त कमी आहे, पण इथे ते कुणाचं कमी नाही? नुसत्या त्यावर थांबलात तर लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवाल. सासूला जवळ बोलावून तुम्ही विचारता, "छाती तपासू का?" बाई मान हलवते. थंड चकती तुम्ही तळहातावर चोळून कोमट करता.

बाई आणि डॉक्टर यांच्यात ही नळी का आली, ते पाहायचं तर क्षणभर १८१६ च्या पॅरिसात, नेकर रुग्णालयात चला. रने लेनेक या डॉक्टरपुढे हृदयविकाराची एक तरुण, स्थूल बाई आहे. छातीला कान लावण्याची तेव्हाची रीत इथे प्रशस्त नाही. तो कागदांची गुंडाळी करतो, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं स्वतःच्या कानाला. ठोके कान टेकवूनही कधी आले नव्हते इतके स्पष्ट येतात. पुढे तो लाकडी नळी घडवतो, १८१९ मध्ये ग्रंथ लिहितो आणि १८२६ मध्ये क्षयाने जातो. मर्यादा राखण्यासाठी ठेवलेल्या अंतरानेच त्याला जास्त ऐकवलं.

पुन्हा मेळघाटात या. कंपाउंडर बाहेरच्या पोरांना गप्प करतो. तुम्ही छातीच्या हाडाच्या उजवीकडे, मग डावीकडे, मग खाली असं सरकत डाव्या स्तनाखाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेवर येता. एक बोट तिच्या मानेच्या नाडीवर ठेवलंय. नाडी उडते तेव्हाचा आवाज पहिला, तो वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटण्याचा. दुसरा, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा. हिचा पहिला आवाज नको इतका ठणठणीत आहे. दुसऱ्यानंतर एक बारीक टिचका. मग काहीच नाही.

"डाव्या कुशीवर वळा."

आता चकती फिरवून घंटेची बाजू घ्या आणि अलगद टेकवा. दाबलीत तर कातडी ताणली जाते आणि खालच्या पट्टीतला आवाज हरवतो. तिला श्वास सोडून थांबायला सांगा. आला! दूरच्या घाटात चढणाऱ्या ट्रकसारखी घरघर, दुसऱ्या ठोक्यानंतर आणि पुढच्या पहिल्याच्या आधी. रक्त कमी असल्याची फुसफुस पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधे येते. ही त्या पलीकडची आहे. डाव्या कप्प्यांमधली झडप आक्रसलीय.

"लहानपणी सांधे सुजले होते का?"

कंपाउंडर विचारून सांगतो, "लायनी होती तवा गुडघे सुजले होते म्हनते." घसा धरला, मग सांधेज्वर आला, सांधे बरे झाले आणि झडप कायमची दुखावली.

आता सासू बोलते. लग्नाला दोन वर्षं झाली, लेकरू पाहिजे. तुमच्या पोटात गोळा येतो. गरोदरपणात रक्ताचं आकारमान जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झडप ते पुढे जाऊ देत नाही, फुप्फुसात पाणी साचतं, बाई बाळंतपणात दगावू शकते. म्हणून आधी नागपूरच्या मेडिकल कॉलेजला, झडप रुंद करून घ्यायला, आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. चिठ्ठी लिहिता, सासूला पुन्हा पुन्हा समजावता. कारण नागपूर तिने कधी पाहिलेलं नाही.

याच मेळघाटात, बैरागडला, डॉ. रवींद्र कोल्हे तेव्हा पहिल्या तपासणीचे दोन रुपये घेत. खेड्यात जाणाऱ्याला सोनोग्राफी आणि रक्त चढवण्याशिवाय बाळंतपण, एक्स-रेशिवाय न्यूमोनियाचं निदान आणि अतिसारावर उपचार जमायला हवेत, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. पुढे २०१९ मध्ये त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. यंत्र नसतं तिथे डॉक्टरच्या हाताने, डोळ्याने, कानाने त्याची जागा घ्यायची असते, हे त्यांच्या कामातून दिसतं.

आता आजच्या अकोल्यात या. २००२ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात तुम्ही खाटेपाशी उभे आहात, भोवती विद्यार्थी. एक जण सदऱ्यावरूनच चकती टेकवतो आणि इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद भरायला घेतो. त्याला थांबवा. इको झडपेचं तोंड मोजून देतो, ते कानाला जमणार नाही. पण इको कुणाचा करायचा, हे इको सांगत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आज मेळघाटातून, मूर्तिजापुरातून, बाळापुरातून आलेल्या बायका उभ्या आहेत, आणि त्यांतल्या एखादीचं दम लागणं नुसतं अशक्तपणाचं नाही. ती तुम्हाला सापडायला हवी. सदरा बाजूला घ्यायला सांगा, कुशीवर वळवा, श्वास थांबवा आणि पूर्ण एक मिनिट ऐका.