लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा या मळसूत्राकार जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. त्याच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केले. उंदीर, कुत्री व गुरे यांच्या मूत्रपिंडांत हे जिवाणू वास करतात आणि मूत्रावाटे पाण्यात व चिखलात मिसळतात. अशा पाण्याशी संपर्क आल्यास ते त्वचेवरील जखमांतून, तसेच डोळे, नाक व तोंडावाटे मानवी शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर शहरात या रोगाची साथ पसरली.

संसर्गानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली ही लक्षणे दिसतात. पावसाळ्यातील हा ताप मलेरिया वा डेंग्यूसारखाच भासतो आणि निदान लांबते. कावीळ, मूत्रपिंडे निकामी होणे व फुप्फुसांत रक्तस्राव हे त्याचे प्राणघातक परिणाम होत. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही प्रतिजैविके आरंभीच दिल्यास गुणकारी ठरतात. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असल्यास, तापाची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे असते.