इंदूर पद्धती आणि शहरी मृदेचे पुनरुज्जीवन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कंपोस्ट खताच्या शास्त्रीय इतिहासात इंदूरचे स्थान महत्त्वाचे आहे. होळकर संस्थानातील या नगरीत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व गोमूत्राने भिजलेली माती यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धती विकसित केली. १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शेतजमिनीची सुपीकता राखणे हा तिचा हेतू होता.

शहरी मृदेचा प्रश्न वेगळा आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली. तथापि पूर्वीच्या धुरातून व जुन्या रंगांतून मातीत मिसळलेले शिसे नष्ट होत नाही. कंपोस्टमधील सेंद्रिय पदार्थ व फॉस्फेट ते बांधून ठेवतात. त्यामुळे वनस्पतींकडून त्याचे शोषण घटते; धातू मात्र मातीतच राहतो.

शिवाय मिश्र कचऱ्याचे खत स्वतःच जड धातू वाहून आणू शकते. म्हणूनच २००० च्या नागरी घनकचरा नियमांत कंपोस्टमधील शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम ठरविण्यात आली व २०१६ च्या नियमांनी घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक केले. हॉवर्ड व वाड यांना शेतातील निर्भेळ कचरा सहज उपलब्ध होता. शहराला ही निर्भेळता प्रथम निर्माण करावी लागते. सारांश, शहरी मृदेच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ खतखड्ड्यात नव्हे, तर कचऱ्याच्या वर्गीकरणात आहे.