हँग ग्लायडर : पंखाची तपासणी

फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या अमेरिकी दाम्पत्याने १९४८ साली लवचिक पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या हँग ग्लायडरचा आणि इंजिन जोडलेल्या ट्राइकचा पंख त्याच कुळातला आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा आणि पॉलिएस्टरचे कापड, एवढाच त्याचा पसारा; मात्र त्यातील घातक दोष सहसा वरून दिसत नाहीत.

कापडाचा मोठा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी धागा कमकुवत होतो, रंग मात्र टवटवीत राहू शकतो. म्हणून ट्राइकच्या पंखावर 'बेट्सोमीटर' चाचणी घेतात. ठरावीक जाडीची सुई कापडात खुपसून स्प्रिंगच्या काट्याने ठरलेल्या भारापर्यंत ओढतात. कापड फाटले की पंख बाद. शिवणीचीही अशीच परीक्षा घ्यावी.

तारांवरून सुती फडके फिरवावे. तुटलेला बारीक धागा त्यात अडकतो. (उघडे बोट फिरवणे शहाणपणाचे नव्हे.) मुरड पडलेली तार सरळ करून वापरू नये, बदलावी. नळीला पडलेल्या पोच्यालाही हाच न्याय. समुद्रकिनारी उड्डाण झाल्यास पंख गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मधल्या खांबावरून पंखाच्या मागच्या कडेकडे जाणाऱ्या दोऱ्यांकडे. नेहमीच्या उड्डाणात त्या सैलच असतात. पंख नाकावर झुकून वेगाने खाली जाऊ लागला, की त्या ताणल्या जातात, मागची कड वर धरतात आणि नाक पुन्हा वर येते. त्या निसटलेल्या किंवा चुकीच्या लांबीच्या असतील, तर पंख हवेतच उलटा होऊ शकतो. त्यांची लांबी उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावी, अंदाजाने बांधू नये.